विंध्याच्या खडकांवरील ठेव

बँकेतील ठेवीला मुदत असते, पावती असते आणि मुदत संपली की ती व्याजासह हाती पडते. राष्ट्राची एक ठेव मात्र अशी आहे की तिची पावती कोणाच्याही तिजोरीत नाही. वने, डोंगर, नद्या, गुहा, भग्न मंदिरे, लेणी, शिलालेख अशा रूपांत ती सार्वजनिक भूमीवर पसरलेली आहे. तिचे मालक आपण सारेच असल्याने ती नेमकी किती आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि दरवर्षी तिच्यातून किती घटते, याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कोणा एकाच्या शिरावर येत नाही. हा हिशेब मांडण्याचे काम संशोधन करते. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो आणि चुका सुधारण्याची तयारीही लागते.

मध्य प्रदेशातील भीमबेटका हे याचे उत्तम उदाहरण आहे. भोपाळच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, विंध्य पर्वताच्या दक्षिण कडेला वालुकाश्माच्या टेकड्या उभ्या आहेत. वारा, पाऊस आणि ऊन यांनी हजारो वर्षे झिजवून त्या खडकांत छतासारखे पुढे आलेले निवारे घडवले. त्या निवाऱ्यांच्या भिंतींवर आदिमानवाने रंगवलेली चित्रे आहेत आणि भोवती सागवानाचे जंगल आहे. निसर्ग आणि संस्कृती येथे एकाच खडकावर नांदतात. साहजिकच येथील संशोधनालाही दोन्हींकडे पाहावे लागले आणि जेथे एकीकडे दुर्लक्ष झाले, तेथे ठेचही लागली.

आगगाडीतून दिसलेल्या टेकड्या

भारतातील शैलचित्रांचा शोध युरोपच्याही आधी लागला होता, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. आर्चिबाल्ड कार्लाईल या ब्रिटिश पुराशोधकाने १८६७-६८ मध्ये मिर्झापूर परिसरातील सोहागीघाट येथे खडकावरील चित्रे पाहिली. स्पेनमधील अल्तामिरा गुहेतील जगप्रसिद्ध चित्रे त्यानंतर, १८७९ साली उजेडात आली. पण कार्लाईलने आपली निरीक्षणे वेळीच प्रसिद्ध केली नाहीत. परिणामी ज्या शोधाने प्रागैतिहासिक कलेच्या अभ्यासाचा आरंभ भारतात झाला असता, तो शोध टिपणवहीतच राहिला. संशोधन झाले आणि ते लोकांपुढे आले नाही, तर ते न झाल्यासारखेच असते, याचा हा जुना दाखला.

भीमबेटकाचे नावही सरकारी दप्तरात १८८८ सालीच आले होते. मात्र स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवरून हे एखादे बौद्ध स्थळ असावे, अशी नोंद करून तो विषय तेथेच थांबला. गावकऱ्यांच्या लेखी ती भीमाची बैठक होती. पांडवांतील महाबली भीम येथे बसत असे, या श्रद्धेतून 'भीमबैठका' आणि त्याचे पुढे 'भीमबेटका' झाले.

या टेकड्यांचे खरे मोल ओळखण्याचे श्रेय एका मराठी माणसाकडे जाते. विष्णु श्रीधर वाकणकर यांचा जन्म १९१९ साली नीमच येथे झाला. उज्जैन ही त्यांची कर्मभूमी. चित्रकलेचे शिक्षक, नाण्यांचे अभ्यासक, पुरातत्त्वज्ञ अशा अनेक भूमिकांतून वावरणारे वाकणकर आप्तमित्रांत 'हरिभाऊ' म्हणून ओळखले जात. १९५७ साली भोपाळ-इटारसी मार्गावर आगगाडीने प्रवास करताना खिडकीतून त्यांना या टेकड्यांचे विचित्र आकाराचे खडक दिसले. चित्रित निवारे कोणत्या प्रकारच्या खडकांत आढळतात, हे जाणणाऱ्या त्या नजरेला तेवढे पुरेसे होते. ते तेथे पोहोचले आणि एकामागून एक चित्रित निवारे पुढे येत गेले.

वाकणकरांनी पुढील काळात केलेले काम अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी टेकड्यांना रोमन अंक दिले, प्रत्येक टेकडीवरील निवाऱ्यांचे गट पाडून त्यांना अक्षरे दिली आणि प्रत्येक निवाऱ्याला स्वतंत्र क्रमांक दिला. 'तीन एफ-२३' म्हणजे तिसऱ्या टेकडीवरील 'एफ' गटातील तेविसावा निवारा. खातेक्रमांकासारखी ही पद्धत आजही वापरात आहे. सात टेकड्यांवर मिळून सातशेहून अधिक निवाऱ्यांची नोंद झाली. त्यांपैकी २४३ भीमबेटका गटात आणि १७८ लाखा जुआर गटात आहेत. १९७५ साली वाकणकरांना पद्मश्री किताबाने गौरवण्यात आले. १९७६ साली रॉबर्ट ब्रुक्स यांच्यासमवेत लिहिलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने भारतातील अश्मयुगीन चित्रांची ओळख जगाला करून दिली.

चार मीटरांत सामावलेला काळ

भिंतीवरील चित्रे डोळ्यांना दिसतात, पण ती रंगवणारी माणसे कोण होती, याचे उत्तर पायाखालच्या मातीत असते. १९७० च्या दशकात भीमबेटका येथे अनेक उत्खनने झाली. स्वतः वाकणकरांनी काही निवारे खणले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी 'तीन एफ-२३' या निवाऱ्याचे उत्खनन हाती घेतले आणि ते भारतीय प्रागैतिहासातील एक महत्त्वाचे उत्खनन ठरले.

या निवाऱ्यात सुमारे चार मीटर जाडीचा थर सापडला. सर्वांत तळाशी हातकुऱ्हाडी व फरश्या यांसारखी पुराश्मयुगीन अवजारे, त्यावर मध्य पुराश्मयुगाचे आणि उत्तर पुराश्मयुगाचे थर आणि सर्वांत वर मध्याश्मयुगातील बारीक, नाजूक गारगोटीची अवजारे असा क्रम मिळाला. तळाच्या थरांत दगड अंथरून केलेल्या जमिनीही आढळल्या. एकाच छपराखाली माणूस पुन्हा पुन्हा येऊन राहिला आणि त्याच्या हातातील अवजारे हळूहळू कशी बदलत गेली, हे दाखवणारी अशी अखंड साखळी भारतात क्वचितच मिळते. या वस्तीचा आरंभ किमान एक लाख वर्षांपूर्वी झाला असावा, असे मानले जाते.

असे उत्खनन म्हणजे ठेव मोडण्यासारखे असते. थर एकदा खणला की तो पुन्हा रचता येत नाही. म्हणून खणण्याआधी जमिनीचे चौरस आखतात, प्रत्येक वस्तूची जागा आणि खोली लिहितात, माती चाळतात आणि निवाऱ्याचा काही भाग मुद्दाम न खणता पुढच्या पिढीसाठी राखून ठेवतात. पन्नास वर्षांनी अधिक चांगली साधने येतील, तेव्हा त्या अभ्यासकांनाही काही शिल्लक असावे, हा त्यामागचा विचार आहे. शहाणा गृहस्थ मुद्दल राखून व्याजावर संसार चालवतो, तसाच हा प्रकार.

गेरूच्या रेषा आणि हरवलेले प्राणी

भीमबेटकाच्या चित्रांत लाल आणि पांढरा हे मुख्य रंग आहेत. लाल रंग गेरूचा, म्हणजे लोहखनिजाचा. क्वचित हिरवा व पिवळाही दिसतो. शिकार, नृत्य, मिरवणुका, वादक, घोडेस्वार, माणसामागे धावणारे प्रचंड शिंगधारी रानडुक्कर असे विषय आहेत. एका खडकावर तर हत्ती, सांबर, गवे, हरणे अशी इतकी गर्दी आहे की अभ्यासकांनी त्याला 'झू रॉक' हेच नाव दिले. अनेक ठिकाणी जुन्या चित्रांवर नवी चित्रे काढलेली आहेत. कोणती रेषा खाली आणि कोणती वर, हे पाहून काळाचा क्रम लावता येतो. बहुतेक सर्वांत जुनी चित्रे मध्याश्मयुगातील, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची मानली जातात. घोडेस्वार आणि शस्त्रधारी सैनिकांची चित्रे ऐतिहासिक काळातील आहेत.

येथे संशोधकांसमोर एक मोठी अडचण आहे. एखाद्या सेंद्रिय वस्तूचे वय ठरवण्यासाठी कार्बन-१४ पद्धत वापरतात. गेरू हे खनिज आहे, त्यात मोजण्याजोगा सेंद्रिय कार्बन नसतो. त्यामुळे चित्राचे वय थेट काढता येत नाही. रंगावर नैसर्गिकपणे साचलेल्या पापुद्र्याचा अभ्यास, जमिनीत सापडलेल्या गेरूच्या तुकड्यांचा थर, चित्रशैली अशा अप्रत्यक्ष मार्गांनीच अंदाज बांधावा लागतो. 'ऑडिटोरियम' नावाच्या भव्य गुहेतील एका मोठ्या शिळेवर कोरलेले वाटीसारखे खळगे याहून कितीतरी प्राचीन आहेत, असे काही अभ्यासक म्हणतात. त्यांच्या वयाविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही.

चित्रांची नोंद करण्याचे अवघड काम कुमाऊँचे चित्रकार-संशोधक यशोधर मठपाल यांनी केले. डेक्कन कॉलेजमधील आपल्या संशोधनासाठी त्यांनी १३३ चित्रित निवाऱ्यांतील सहा हजारांहून अधिक आकृत्यांच्या प्रतिकृती जागेवर बसून हाताने रंगवल्या. त्यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. चित्र जसेच्या तसे, त्याच्या झिजलेल्या कडा आणि पुसट डाग यांसह उतरवण्याची त्यांची शिस्त होती. काही मूळ चित्रे यापुढे आणखी फिकट होतील, तेव्हा या प्रतिकृती हाच त्यांचा पुरावा उरेल.

ही चित्रे निसर्गाच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडतात. गेंडा, हत्ती, बारशिंगा असे प्राणी येथे रंगवलेले आहेत. आज या जंगलात त्यांचा रहिवास नाही. ज्याने गेंडा रंगवला त्याने तो पाहिला असावा आणि ज्या प्रदेशात गेंडा होता तेथे पाणथळ जागा व उंच गवत असले पाहिजे. अशा रीतीने खडकावरील एक रेष हवामानाच्या इतिहासाचा धागा बनते. प्राचीन काळच्या वन्यजीवांची याद्यांइतकी विश्वासार्ह नोंद ती नव्हे, कारण चित्रकाराला कल्पनेचीही मुभा असते. तरीही माती, परागकण आणि हाडांचे अवशेष यांच्याशी ताडून पाहिल्यास तिचे मोल वाढते.

मोहोळाने दिलेला धडा

२०२० सालच्या मार्च महिन्यात ओरेगॉन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक आणि त्यांचे सहकारी भीमबेटका येथे आले होते. ऑडिटोरियम गुहेच्या छतावर, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, त्यांना पानासारखा, मधोमध शीर असलेला एक ठसा दिसला. तो 'डिकिन्सोनिया' या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ऑस्ट्रेलिया आणि रशियात या प्राण्याचे प्रसिद्ध जीवाश्म सापडतात. भारतात तो प्रथमच सापडल्याचे वृत्त २०२१ च्या आरंभी जगभर गाजले.

या शोधाला भूविज्ञानाच्या दृष्टीने मोठे महत्त्व होते. विंध्य पर्वताच्या या वरच्या थरांचे वय किती, याविषयी भूवैज्ञानिकांत दीर्घकाळ वाद आहे. तो ठसा खरोखर डिकिन्सोनियाचा असता, तर हे खडक ५५ कोटी वर्षांच्या आसपासचे ठरले असते. इतर पुरावे मात्र ते शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे असल्याचे सुचवत होते. जागतिक वारसा स्थळावरील खडकाचा नमुना फोडून नेणे शक्य नसल्याने पहिला निष्कर्ष मुख्यतः छायाचित्रांवर आणि प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेला होता.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि त्यांचे सहकारी त्याच गुहेत गेले. त्यांना तो ठसा खडकावरून सुटून गळू लागलेला दिसला. जीवाश्म अशा रीतीने दोन-तीन वर्षांत सोलून पडत नाही. आसपासच्या खडकांवर आग्या मोहोळाची पोळी लटकत होती आणि जुन्या, सोडून दिलेल्या पोळ्यांचे ठसेही तसेच दिसत होते. डिकिन्सोनिया म्हणजे प्रत्यक्षात आग्या माश्यांच्या पोळ्याचा उरलेला अवशेष होता! जानेवारी २०२३ मध्ये हा निष्कर्ष त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रिटॅलॅक यांनी खुलेपणाने आपली चूक मान्य केली आणि नव्या निष्कर्षाला संमती दिली.

या प्रसंगाची चेष्टा झाली, पण त्यातून उपहासापेक्षा बोध अधिक घेण्यासारखा आहे. भूवैज्ञानिकाने खडक पाहिला, पण त्या खडकावर आज राहणारा जीव त्याच्या विचारात नव्हता. भोवतालच्या रानात मध गोळा करणाऱ्या माणसाला कदाचित तो ठसा पाहताच मोहोळ आठवले असते. मध्य भारतातील शैलचित्रांतही मध गोळा करणारी माणसे रंगवलेली आहेत. दुसरा बोध असा की संशोधनाची तपासणी करण्यासाठीही संशोधनच लागते. पहिल्या शोधाला प्रसिद्धी मिळते, पडताळणीला क्वचित मिळते. पण पडताळणीसाठी प्रवासखर्च, परवानगी आणि वेळ मिळाला नसता, तर एक चुकीची नोंद पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचली असती.

पैसा कोठून येतो, परवानगी कोण देते?

सार्वजनिक भूमीवर कोणालाही मनात येईल तेव्हा कुदळ मारता येत नाही आणि ते योग्यच आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे अधिनियमानुसार संरक्षित जागेत उत्खनन करण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी घ्यावी लागते. २०१० सालच्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण लागू केले. अभयारण्यात अभ्यासासाठी पाऊल टाकायचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये मुख्य वन्यजीव रक्षकांची अनुमती लागते. भीमबेटकासारख्या ठिकाणी, जेथे स्मारक जंगलात आहे, तेथे अभ्यासकाला दोन खात्यांची दारे ठोठवावी लागतात.

खर्चाचा मुख्य भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो. पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्वतःची तरतूद असते. विद्यापीठांना व डेक्कन कॉलेजसारख्या संस्थांना शासकीय अनुदानाचा आधार असतो. शैलचित्रांची देशव्यापी नोंद करण्याचे काम दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्र करते. विज्ञान संशोधनाच्या अनुदानासाठी २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. वाघांची देशव्यापी गणना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण, डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्यांची वनखाती मिळून करतात. समाजाकडून आणि उद्योगांकडून वारशासाठी निधी स्वीकारता यावा म्हणून केंद्र शासनाने १९९६ साली राष्ट्रीय संस्कृती निधी हा न्यास स्थापन केला. कंपनी कायदा, २०१३ च्या सामाजिक दायित्वाच्या तरतुदींतही राष्ट्रीय वारशाचे जतन हा विषय समाविष्ट आहे.

करदात्याने या खर्चाकडे कसे पाहावे? कर्ज देताना बँक तारण पाहते, हप्ता पाहते आणि परतफेड तपासते. संशोधनाची परतफेड अहवालाच्या रूपाने होते. पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९५३-५४ पासून देशातील उत्खननांचा वार्षिक आढावा प्रसिद्ध करण्याची प्रथा पाडली, तिचे मोल म्हणूनच मोठे आहे. मात्र सविस्तर अहवाल प्रसिद्ध व्हायला कित्येकदा दशके लागतात आणि तोपर्यंत उत्खननकर्ता निवृत्त झालेला असतो. अनुदान देणाऱ्याने खणण्यासाठी जितके पैसे द्यावेत, तितकेच प्रयोगशाळेतील तपासणी, लेखन आणि प्रकाशन यांसाठीही द्यावेत, हा आग्रह म्हणूनच रास्त ठरतो. कार्लाईलची टिपणवही पुन्हा पुन्हा निर्माण होणे देशाला परवडणारे नाही.

वाघ आणि आगगाडी

२००३ साली भीमबेटकाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. १,८९३ हेक्टरचा गाभा आणि त्याभोवती १०,२८० हेक्टरचा संरक्षक पट्टा अशी त्याची आखणी आहे. हा सारा प्रदेश रातापानीच्या जंगलाशी जोडलेला आहे. रातापानीला १९७० च्या दशकातच अभयारण्याचा दर्जा मिळाला होता. डिसेंबर २०२४ मध्ये ते मध्य प्रदेशातील आठवे व्याघ्र प्रकल्पक्षेत्र म्हणून अधिसूचित झाले. सुमारे ७६४ चौरस किलोमीटरचा गाभा आणि सुमारे ५०८ चौरस किलोमीटरचे बाह्यक्षेत्र मिळून त्याचे आकारमान १,२७१ चौरस किलोमीटर आहे. त्याच महिन्यात राज्य शासनाने या व्याघ्र प्रकल्पाला डॉ. विष्णु वाकणकर यांचे नाव दिले. एका पुरातत्त्वज्ञाचे नाव वाघांच्या जंगलाला लाभावे, ही घटना वेगळी आणि अर्थपूर्ण आहे.

वाघांचा अभ्यासही आता बंदुकीच्या नव्हे, कॅमेऱ्याच्या साहाय्याने होतो. जंगलातील पायवाटांवर दोन्ही बाजूंना स्वयंचलित कॅमेरे लावतात. प्रत्येक वाघाच्या पट्ट्यांची ठेवण आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणे स्वतंत्र असते. छायाचित्रे ताडून वाघ ओळखता येतो आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधता येतो. २०१८ च्या राष्ट्रीय गणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्या विस्ताराची नोंद गिनेस बुकात झाली. २०२२ च्या गणनेनुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ आहेत. त्यांपैकी ७८५ एकट्या मध्य प्रदेशात आहेत.

आकडे वाढले म्हणून चिंता मिटली, असे मात्र नाही. वाकणकरांना ज्या लोहमार्गावरून या टेकड्या दिसल्या, तो भोपाळ-इटारसी मार्ग याच जंगलाला छेदून जातो. जुलै २०२४ मध्ये मिडघाट परिसरात वाघाचे तीन बछडे आगगाडीखाली सापडले. एक जागीच मरण पावला. जखमी झालेल्या दोघांना एका डब्याच्या खास गाडीने भोपाळला हलवावे लागले. आगगाडी थांबवता येत नाही आणि वाघाला वेळापत्रक कळत नाही. कोणत्या ठिकाणी प्राणी रूळ ओलांडतात, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या प्रहरी ओलांडतात, ही माहिती नेटाने जमवली तरच भुयारी वाट, कुंपण किंवा वेगमर्यादा नेमकी कोठे हवी, हे ठरवता येते. अशा अभ्यासावर झालेला खर्च एका अपघाताच्या हानीपुढे किरकोळ ठरतो.

एकवीस गावांचा वाटा

युनेस्कोने भीमबेटकाला यादीत घेताना आणखी एका गोष्टीची दखल घेतली. स्थळाभोवतीच्या एकवीस गावांतील लोकांच्या सांस्कृतिक परंपरांचे खडकावरील चित्रांशी लक्षणीय साम्य आहे, असे तिच्या नोंदीत म्हटले आहे. सणावाराला भिंत सारवून तिच्यावर आकृत्या रेखणारा हात आणि हजारो वर्षांपूर्वी गेरूत बुडालेला हात यांच्यात काहीतरी नाते आहे, याची ही कबुली आहे.

यामुळेच सर्वांत अवघड प्रश्न येथे उभा राहतो. स्मारकाचा कायदा बांधकामाला मर्यादा घालतो, वनाचा कायदा चराई आणि लाकूडफाट्याला मर्यादा घालतो आणि आता व्याघ्र प्रकल्पाचे नियमही आले आहेत. प्रत्येक नियमामागे सबळ कारण आहे. पण या साऱ्या मर्यादा अखेर त्याच माणसांच्या अंगणात येऊन थांबतात, ज्यांच्या परंपरेमुळे हे स्थळ जिवंत वारसा ठरले. पर्यटनाचे उत्पन्न शहरातील हॉटेलांकडे गेले आणि गावाला केवळ मनाई फलक मिळाले, तर ठेवीचे राखणदारच तिच्यापासून दुरावतील. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींच्या हक्कांना मान्यता दिली आहे. त्या हक्कांची नोंद, गावाच्या स्मृतींचे संकलन, वनौषधी व मधाच्या परंपरागत ज्ञानाचा अभ्यास, वाटाड्यांचे प्रशिक्षण या गोष्टीही संशोधनाच्या अनुदानात मोडल्या पाहिजेत. आग्या मोहोळाच्या प्रकरणाने हेच तर शिकवले.

भेट देताना

भीमबेटकाला भोपाळहून मोटारीने सहज जाता येते. पावसाळ्यानंतरचे, हिवाळ्याचे महिने अधिक सोयीचे. पाहणाऱ्यांसाठी काही निवारे खुले असून त्यांच्यामधून पायवाट आखलेली आहे. वाटेवर पाहुण्याकडून फार थोडी अपेक्षा आहे. चित्रांना हात लावू नये, कारण बोटांवरील घाम व तेल रंगाच्या पापुद्र्याला इजा करतात. पूर्वी छायाचित्र ठळक यावे म्हणून चित्रांवर पाणी शिंपडण्याची पद्धत होती. त्या ओलाव्याने खडकातील क्षार वर येऊन चित्रे धूसर होतात, म्हणून ती आता त्याज्य मानतात. फिकट चित्रे स्पष्ट पाहण्यासाठी संशोधक आज संगणकावर रंगांतील सूक्ष्म फरक वाढवणारी प्रणाली वापरतात आणि त्यासाठी खडकाला स्पर्शही करावा लागत नाही. उग्र वासाचे अत्तर आणि मोठा आवाज टाळावा, कारण छताला लटकलेल्या आग्या माश्या अजूनही तेथे नांदत आहेत.

खडकावर आपले नाव कोरण्याचा मोह काहींना आवरत नाही. ज्यांनी तेथे सर्वप्रथम रेष ओढली त्यांनी आपले नाव लिहिले नाही. त्यांनी पाहिलेला गवा, नाचणारी माणसे आणि पळणारे हरीण तेवढे मागे ठेवले. ही ठेव आजवर ज्यांच्या हाती आली, त्यांपैकी बहुतेकांनी ती जशी मिळाली तशीच पुढे दिली. आपल्या पिढीच्या खात्यावरही तेवढीच नोंद व्हावी.